बुधवार जपताना: इंग्लंडमध्ये नोकरीसोबत केलेल्या डिग्रीची चार वर्षं

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये माझी डिग्री अप्रेंटिसशिप संपली आणि आमच्या मंडळातल्या काकू-मावश्यांचे आईला फोन सुरू झाले. "तुमच्या लेकीनं ते नोकरी करत डिग्रीचं केलं ना, आमच्या ह्याला जरा समजावून सांगेल का?" सांगायला माझी ना नाही. पण फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, विशेषतः कागदपत्रांचं. म्हणून एकदा क्रमानं लिहून काढते. कंपनीचं आणि विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कंपनी हजारो माणसांची आहे आणि मी अजून तिथेच नोकरी करते, एवढं पुरे.

आधी हे आहे काय ते. इंग्लंडमध्ये ही पद्धत २०१५ मध्ये सुरू झाली. कंपनी तुम्हाला पूर्णवेळ नोकरीवर घेते, पगार देते आणि कामाच्याच वेळातला काही भाग विद्यापीठाच्या शिक्षणासाठी सोडते. शेवटी मिळते ती नेहमीचीच बीएस्सी ऑनर्स. फी विद्यार्थ्यानं भरायची नसते. ज्या कंपन्यांचं पगारबिल वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर जातं, त्यांना वरच्या रकमेवर अर्धा टक्का लेव्ही भरावी लागते. एप्रिल २०१७ पासून हा नियम आहे आणि फी त्या पैशातून जाते. माझ्या अभ्यासक्रमाचं सरकारी नाव 'डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्स प्रोफेशनल', लेव्हल ६, म्हणजे पदवीची पातळी. सॉफ्टवेअर इंजिनीअर ही त्यातली एक शाखा. सायबर सिक्युरिटी, डेटा, नेटवर्क, बिझनेस ॲनालिसिस वगैरे बाकीच्या. त्यामुळे माझ्या डिग्रीवर 'कम्प्युटर सायन्स' हे शब्द नाहीत. काही आईवडिलांना हे खुपतं. कामावर मला त्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.

आम्ही २०१४ मध्ये बाबांच्या नोकरीमुळे नाशिकहून रेडिंगला आलो, तेव्हा मी नुकतीच पाचवी संपवली होती. अर्ज करायची वेळ आली तोवर आम्हाला आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळालेली होती. पण आयएलआर नाही म्हणून लगेच नाद सोडू नका. शिक्षणासाठी नसलेल्या व्हिसावर, उदाहरणार्थ आईवडिलांच्या वर्क व्हिसाचे डिपेंडंट म्हणून, कोर्स सुरू होण्याआधी सलग तीन वर्षं इथे राहिलेल्यांनाही सरकारी निधी मिळू शकतो. काही कंपन्या मात्र स्वतःच्या अटी जास्त कडक ठेवतात, तेव्हा अर्जाआधी ईमेल करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नाशिकहून आत्यानं विचारलं होतं की आपल्या दादाला तिकडे येऊन हे करता येईल का. नाही येत. स्टुडंट व्हिसावर हे चालत नाही. भारतात बारावीनंतर घेणारा एचसीएलचा टेकबी किंवा बीएस्सी-बीसीएनंतरचा विप्रोचा विल्प हे ह्याच्या जवळचे मार्ग आहेत, पण त्यांचे नियम आणि पैशाचा हिशेब अगदी वेगळा.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये मी ईयर थर्टीनला, म्हणजे इथल्या बारावीला, गेले. गणित, फिजिक्स आणि कम्प्युटर सायन्स असे विषय. शाळेत सगळा गजर यूकासचा, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेशाचा. करिअर सल्लागार बाईंकडे अप्रेंटिसशिपचं एक माहितीपत्रक होतं, तेही प्लंबिंगचं. जागा मी स्वतःच शोधल्या: सरकारची 'फाइंड ॲन अप्रेंटिसशिप' ही साइट आणि कंपन्यांची करिअरची पानं. यूकासमध्ये एका अर्जात पाच विद्यापीठं निवडता येतात. अप्रेंटिसशिपला तसा एक अर्ज नाही. प्रत्येक कंपनीचा फॉर्म वेगळा, पासवर्ड वेगळा, निबंधाचे प्रश्न वेगळे. मी एक स्प्रेडशीट केली: कंपनी, जागा कुठे, विद्यापीठ कोणतं, शेवटची तारीख, कोणता टप्पा, पुढे काय. ही शीट नसती तर डिसेंबरपर्यंत माझं डोकं फिरलं असतं. यूकासचा अर्जही भरला, त्याचे २६ पौंड बाबांनी दिले. दोन्ही रस्ते शेवटपर्यंत उघडे ठेवायचे, हे आमच्या घरात पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

फॉर्मनंतर ऑनलाइन चाचण्या येतात. आकडेमोड, तर्काची कोडी आणि 'सहकारी असं असं वागला तर तुम्ही काय कराल' ह्या प्रकारचे प्रश्न. वेळ घट्ट असते. सरावाला फुकट चाचण्या नेटवर भरपूर आहेत. मग व्हिडिओ मुलाखत. समोर माणूस नाही, पडद्यावर प्रश्न येतो, अर्धा मिनिट विचाराला आणि दोनेक मिनिटं उत्तराला. आपल्याच चेहऱ्याकडे बघत बोलायचं. मला हा सगळ्यात रुक्ष टप्पा वाटला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याजवळ आजीचा फोटो चिकटवला आणि तिच्याशी बोलले.

त्यानंतर असेसमेंट सेंटर. एरवी ते कंपनीच्या ऑफिसात असतं. कोविडमुळे आमचं अख्खं दिवसभर व्हिडिओ कॉलवर झालं. गटचर्चा, छोटं प्रेझेंटेशन, दोघांनी घेतलेली मुलाखत. 'एखादा प्रसंग सांगा' असं विचारलं की परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत आणि त्यातून काय झालं, ह्या क्रमानं सांगायचं असतं. अठराव्या वर्षी असे प्रसंग आणायचे कुठून? मी आमच्या मंडळाच्या गणपतीचा सांगितला. महाप्रसादाची नोंदणी व्हॉट्सॲपवर व्हायची, जेवणाचा आकडा दर वर्षी चुकायचा. मी एक फॉर्म आणि त्यामागे छोटी स्क्रिप्ट केली. कुणी मोठ्या माणसांची नाराजी घेतली, मोदकांचा हिशेब कसा जुळला, हे सगळं सांगितलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मोदकांवरच तीन प्रश्न विचारले. तेव्हा सांगायचं असं की दुकानातली शनिवारची नोकरी नसेल तर अडू नका. मंडळ, ढोल-ताशा पथक, धाकट्या भावाची शिकवणी, काहीही चालतं, फक्त 'आम्ही' न म्हणता 'मी काय केलं' ते सांगा. आपल्याला ते अवघड जातं.

बऱ्याच ठिकाणांहून नकार आले, काही ठिकाणांहून काहीच आलं नाही. मार्च २०२१ मध्ये एका कंपनीचा फोन आला. ऑफर, पण अटीवर: यूकासच्या मोजणीत ११२ पॉइंट, म्हणजे बारावीच्या ए-लेव्हल परीक्षेत तीन विषयांत साधारण बी-बी-सी.

खरी चर्चा घरात त्यानंतर सुरू झाली. बाबांच्या डोळ्यासमोर अप्रेंटिस म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यात आयटीआय करून लागलेली मुलं. माझा थोरला काका त्यांतलाच, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली लागलेला, आणि त्याच कंपनीतून सन्मानानं निवृत्त झालेला. तरी बाबा म्हणाले, "एवढ्या लांब आलो ते तू अप्रेंटिस व्हावंस म्हणून?" आई गप्प बसून वहीत हिशेब मांडत होती. विद्यापीठाची फी तेव्हा वर्षाला ९,२५० पौंड, तीन वर्षांचे २७,७५०. राहण्या-खाण्याचं कर्ज वेगळं. दुसऱ्या बाजूला पहिल्या वर्षी १९,५०० पौंड पगार. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता) जाऊन महिन्याला १,४०० च्या आसपास हातात. अप्रेंटिसचं कायदेशीर किमान वेतन त्या वर्षी ताशी ४.३० पौंड होतं, त्यामानानं हा पगार बराच बरा. सगळ्या कंपन्या इतका देतात असं समजू नका. जाहिरातीत आकडा नसेल तर विचारा.

बाबांचा मुद्दा मात्र मी आज जास्त मानते. ते म्हणाले, इथलं विद्यार्थ्यांचं कर्ज हे आपल्याकडच्या सावकारीसारखं नसतं. आमच्या वर्षाच्या मुलांना एका ठरावीक रकमेच्या (२०२१ मध्ये ती २७,२९५ पौंड होती) वरच्या कमाईवर नऊ टक्के कापून जातात, ३० वर्षांनी उरलेलं माफ. पगार कमी असेल तर काहीच कापलं जात नाही. "पैशाच्या भीतीनं हे निवडू नकोस. कामच करायचं असेल तर निवड." मला कामच करायचं होतं. वर्गात बसून प्रोग्रॅमिंग शिकण्याचा मला कंटाळा होता. कुणाच्या तरी उपयोगी पडणारं काहीतरी चालताना बघायचं होतं. ज्याला संशोधनाकडे जायचंय, ज्याला विषयच अजून ठरवायचाय किंवा घरापासून लांब तीन वर्षं मोकळी हवी आहेत, त्यानं हा रस्ता घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या वर्षी कोविडमुळे ए-लेव्हलच्या परीक्षा रद्द झाल्या होत्या आणि शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडवर सगळं ठरणार होतं. १० ऑगस्टला निकाल लागला, अट पूर्ण झाली. विद्यापीठाची जागा मी तोवर सोडली नव्हती. कंपनीचा सही केलेला करार हातात आला, मगच यूकासमधून माघार घेतली आणि स्टुडंट फायनान्सचा अर्ज रद्द केला. अप्रेंटिसला ते कर्ज मिळत नाहीच. तोंडी 'वेलकम'वर जागा सोडू नका.

मग कागद. काम करण्याच्या हक्काचा पुरावा म्हणून माझं बीआरपी कार्ड, म्हणजे इथे राहण्याच्या परवानगीचं ओळखपत्र, व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आता ती कार्डं गेली. ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड काढून द्यायचा असतो, तेव्हा ते खातं आधीच उघडून नाव-जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का बघून ठेवा. जीसीएसईची, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेची, गणित आणि इंग्रजीची मूळ प्रमाणपत्रं लागतात, नुसती निकालाची चिठ्ठी चालत नाही. माझी शाळेच्या ऑफिसात पडून होती आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी! मागच्या काही वर्षांच्या पत्त्यांची यादी द्यावी लागते. आम्ही भाड्याची घरं बदलत आलेलो, बाबांच्या जुन्या ईमेलांतून तारखा शोधून काढल्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नॅशनल इन्शुरन्स नंबरनं. माझ्या मैत्रिणींना सोळाव्या वाढदिवसाच्या आधी तो पोस्टानं आला होता. मला नाही. कारण तो आपोआप येतो तो ज्यांच्यासाठी आईवडिलांनी चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मागितलेला असतो त्यांना, आणि वर्क व्हिसावर असताना आमच्या घरानं तो मागण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या बहुतेक घरांत हीच स्थिती असणार. मी ऑगस्टमध्ये अर्ज केला, कोविडचा अनुशेष होता, नंबर आला तेव्हा झाडांची पानं गळून गेली होती. नंबर नसताना नोकरी सुरू करता येते, पगारही होतो, पण एचआरला तसं आधी सांगा. आणि स्टार्टर चेकलिस्ट नावाच्या फॉर्मवर 'ही माझी पहिलीच नोकरी' हा पर्याय बरोबर निवडा, म्हणजे कर जास्त कापला जात नाही.

कोर्सच्या आधी एक 'स्किल्स स्कॅन' असतो. अप्रेंटिसशिपमध्ये जे जे यायला हवं त्याची लांबलचक यादी, नॉलेज, स्किल्स आणि बिहेविअर्स. सगळे तिला केएसबी म्हणतात. प्रत्येकासमोर आपल्याला ते आधीच किती येतं ते लिहायचं. आपला स्वभाव असा की परीक्षा दिसली की चांगले गुण घ्यायचे. इथे ते उलटं पडतं: जे येतं म्हणाल ते प्रशिक्षणातून वजा होऊ शकतं. खरं तेच लिहा, फुगवू नका. शेवटी कंपनी, विद्यापीठ आणि मी अशा तिघांच्या सह्यांचा एक करारनामा झाला. त्यात प्रशिक्षणाचे तास, आठवड्याचा शिक्षणाचा वार, तक्रार कुणाकडे करायची, सगळं लिहिलेलं असतं. त्याची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर ठेवा. मला ती पुढे उपयोगी पडली.

सप्टेंबर २०२१. लॅपटॉप कुरिअरनं घरी आला, पहिले काही आठवडे सगळ्या नव्या मुलांचं एकत्र प्रशिक्षण झालं: जावा, गिट, टेस्टिंग, थोडं क्लाउड. मग टीम मिळाली. माझी टीम ग्राहकाच्या घरी तंत्रज्ञ कधी पाठवायचा त्याच्या वेळा ठरवणारी प्रणाली सांभाळायची. त्यातला बराच कोड माझ्या वयाच्या आसपासचा. पहिलं काम म्हणजे एका पडद्यावरचा तारखेचा फॉरमॅट बदलणं. ती चार ओळींची पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल तपासून स्वीकारा अशी विनंती) तीन वेळा परत आली आणि कोड रिव्ह्यू म्हणजे अपमान नव्हे हे कळायला मला दिवाळी उजाडली. शाळेत उत्तर एकदा लिहून द्यायचं असतं. इथे चार जण त्यावर लिहितात, तुम्ही बदलता, परत लिहितात. टीममधले सगळ्यात अनुभवी गृहस्थ स्वतःच्या कोडवरही तितक्याच टिप्पण्या शांतपणे घ्यायचे. ते बघून मीही शिकले.

विद्यापीठाचा दिवस बुधवार. काही विद्यापीठं सलग आठवडा-दोन आठवड्यांचे ब्लॉक ठेवतात, आमचं दर आठवड्याला एक दिवस असं होतं. पहिलं वर्ष जवळपास पूर्ण ऑनलाइन गेलं. त्यात डिसेंबरमध्ये पुन्हा घरून काम करण्याचा सरकारी सल्ला आला. तेच टेबल, तीच खुर्ची. मंगळवारी नोकरी, बुधवारी विद्यापीठ, गुरुवारी परत नोकरी. इन्स्टाग्रामवर शाळेतल्या मैत्रिणींचे फ्रेशर्स वीकचे फोटो आणि माझं सकाळी साडेनऊचं स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक. पगार झाला की बरं वाटायचं, एरवी एकटं वाटायचं. ह्यावर मला सापडलेला उपाय साधा होता: आमच्याच तुकडीतल्या अप्रेंटिसांचा ग्रुप. कंपन्या वेगवेगळ्या, कटकटी सारख्या. बुधवारचं लेक्चर झालं की अर्धा तास नुसत्या गप्पा.

आता मुख्य दुखण्याकडे येते. आमच्या वर्षाला नियम होता की पगारी वेळेपैकी किमान वीस टक्के वेळ प्रशिक्षणात जायला हवा. माझा आठवडा साडेसदतीस तासांचा, म्हणजे साडेसात तास. २०२२ च्या ऑगस्टपासून सुरू केलेल्यांसाठी तो आठवड्याला किमान सहा तास झाला. नंतरही तासांच्या नियमात बदल झालेत, तेव्हा तुमच्या वर्षाचा नियम बघा. मुद्दा 'पगारी वेळ' हा आहे. रात्री अकराला बसून केलेली असाइनमेंट त्यात धरली जात नाही. धरलं जातं ते लेक्चर, कामाच्या वेळातला अभ्यास, एखाद्या वरिष्ठासोबत बसून नवीन काही शिकणं, नवं तंत्र शिकून ते वापरून बघणं. रोजचं नेहमीचं काम धरत नाहीत. हे सगळं एका पोर्टलवर नोंदवायचं: तारीख, तास, काय शिकले, कोणत्या केएसबीशी जुळतं. पोर्टल इतकं मंद की नोंद सेव्ह होईपर्यंत चहा व्हावा. मी शुक्रवारी दुपारी जेवणानंतरचा अर्धा तास त्याला बांधून टाकला. महिन्याअखेरीला आठवून लिहिणारी मुलं फार हाल काढतात.

पहिल्या वर्षीच्या माझ्या लाइन मॅनेजर बुधवारी मला कुणी फोन केला तरी त्याला झापायच्या. दुसऱ्या वर्षी कंपनीत फेररचना झाली आणि नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, पण अप्रेंटिस म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी स्प्रिंट रिव्ह्यू, म्हणजे टीमच्या झालेल्या कामाचा ठरावीक आढावा, बुधवारी दुपारी लावला. "अर्ध्या तासाचाच आहे, जॉइन हो." अर्ध्या तासाचा एक तास झाला, मग रिव्ह्यूची तयारी बुधवारी सकाळी, मग नवा कोड चालू करायचं रिलीजही बुधवारी रात्री. मी एकोणीस वर्षांची, बाकी सगळे चाळिशीचे. नाही म्हणायची हिंमत नव्हती. लेक्चरची रेकॉर्डिंग शनिवारी बघायची, असाइनमेंट रविवारी. मंडळाचं हळदीकुंकू, गुढीपाडवा, सगळं लॅपटॉप मांडीवर घेऊन.

दर बारा आठवड्यांनी विद्यापीठाचा कोच, मॅनेजर आणि अप्रेंटिस अशी तिघांची बैठक होते. त्या वसंतातल्या बैठकीत पोर्टलवर माझ्या तासांचा आलेख लाल दिसत होता. कोचनं विचारलं, बुधवारी काय चालतं? मी तिघांच्या सह्यांचा तो करारनामा उघडून पडद्यावर ठेवला, आवाज चढवायची गरजच पडली नाही. मॅनेजर वाचत गेले आणि म्हणाले की हे मला ठाऊकच नव्हतं. पुढच्या स्प्रिंटपासून रिव्ह्यू गुरुवारी गेला. इतकं सोपं होतं ते, आणि मी महिनेच्या महिने वीकएंड जाळले होते असं म्हणून आई अजूनही चिडते.

त्यामुळे माझा सल्ला विचाराल तर कोडिंगचा नंतर, आधी हा: नोकरी लागताच कॅलेंडरमध्ये शिक्षणाचा वार 'ऑफिसबाहेर' म्हणून पुढच्या सगळ्या वर्षांसाठी लावून टाका. मॅनेजर बदलला की पहिल्या आठवड्यात स्वतःहून वेळ मागून करार दाखवा. विद्यापीठाच्या मुदतींची यादी टीमच्या नियोजनात वर्षाच्या सुरुवातीलाच द्या, कारण जानेवारी आणि मे ह्या दोन महिन्यांत सगळं एकदम येतं. कंपनीच्या लेखी तुम्ही आधी कर्मचारी आणि मग विद्यार्थी असता, आणि ते चूकही नाही. पण विद्यार्थ्याची बाजू मांडणारं तिथे दुसरं कुणी बसलेलं नसतं.

सुट्ट्यांचं आत्ताच सांगते. वर्षाला पंचवीस दिवस आणि बँक हॉलिडे. विद्यापीठाच्या मुलांसारखा लांबलचक उन्हाळा नाही. चार आठवडे नाशिकला जाऊन आंबे खाणं संपलं. मावसबहिणीचं लग्न डिसेंबरात होतं आणि जानेवारीच्या सुरुवातीला दोन असाइनमेंट. हळद आणि लग्न गाठलं, पूजेच्या दिवशी विमानात होते. दिवाळीची रजा मी दर वर्षी एप्रिलमध्येच टाकायची, तेव्हा कुणाच्याच डोक्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर नसतो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी घर सोडून ऑफिसजवळ तीन विद्यार्थिनींसोबत राहायला गेले. इथे एक खर्च अंगावर आला ज्याबद्दल कुणी बोलत नाही: काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तो माफ असतो. अप्रेंटिसला सवलत मिळते ती आठवड्याची कमाई १९५ पौंडांपेक्षा जास्त नसेल तरच. माझी जास्त होती, त्यामुळे अख्ख्या घरात मी एकटीच धरली गेले आणि घराला फक्त पंचवीस टक्के सूट देऊन बिल आलं. विद्यार्थ्यांच्या घरात खोली घेणार असाल तर हा विषय भाडेकरार करण्याआधीच काढा. रेल्वेचं १६-२५ कार्ड घ्याच, एक तृतीयांश सूट मिळते, पण जुलै-ऑगस्ट सोडून सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आधी त्याला किमान भाड्याची अट लागते, म्हणजे ऑफिसच्या वेळेच्या छोट्या प्रवासात त्याचा फारसा उपयोग नाही. विद्यापीठात जायचा प्रवासखर्च माझी कंपनी देत होती. कुणी सांगितलं नव्हतं, धोरणाच्या कागदात सापडलं.

२०२३ च्या सुमारास सगळ्या तंत्रज्ञान क्षेत्रात कपातीच्या बातम्या होत्या आणि आमच्याकडेही कुजबुज सुरू झाली. नोकरी गेली तर डिग्रीचं काय, ह्या विचारानं झोप लागेना, म्हणून नियम वाचले. कोर्सचा पंचाहत्तर टक्के भाग झालेला असेल किंवा सहा महिने आणि त्याहून कमी उरले असतील तर सरकार उरलेलं शिक्षण पूर्ण करू देतं. त्याआधी कपात झाली तर नवी कंपनी शोधायला बारा आठवडे मिळतात. आणि मधेच सोडलं म्हणून प्रशिक्षणाची फी अप्रेंटिसकडून वसूल करता येत नाही. माझ्यावर वेळ आली नाही, पण करार वाचताना हे माहीत असलेलं बरं.

तिसरं वर्ष मला आवडलं. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचं (अनेक संगणकांवर मिळून चालणाऱ्या प्रणालींचं) मॉड्यूल बुधवारी शिकायचं आणि गुरुवारी तोच प्रश्न टीमच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या नोंदींत, भेटायचा. नुसत्या डिग्रीच्या मुलांना हे मिळत नाही. उलट गणिताची, थिअरीची खोली त्यांना जास्त मिळते हेही खरं. अल्गोरिदम आम्ही घाईत उरकले आणि ते मला अजून जाणवतं.

चौथ्या वर्षी मोठा प्रकल्प. आमच्या प्रणालीत दोन भागांमध्ये रात्री एकदा फाइल जायची, त्यामुळे ग्राहकानं दिवसा वेळ बदलली तर तंत्रज्ञाला दुसऱ्या दिवशी कळायची. मी ती फाइल काढून त्या जागी मेसेज क्यू, म्हणजे बदल झाला की निरोप पुढे पोचवणारी रांग, बसवण्याचा भाग घेतला. काम जमलं, पण अहवालाला कंपनीच्या कायदा विभागाची परवानगी लागणार होती: कोणतं नाव, कोणता आकडा बाहेर जाऊ शकतो वगैरे. विद्यापीठाचा एथिक्स फॉर्म वेगळा. दोन्हीकडची उत्तरं यायला आठवडेच्या आठवडे गेले. विषय ठरताच हे दोन्ही अर्ज टाका, कोडला हात लावायच्या आधी.

शेवटच्या परीक्षेला एंड-पॉइंट असेसमेंट म्हणतात आणि तिच्या दारावर 'गेटवे' असतो. मॉड्यूल पूर्ण, गणित-इंग्रजीचे पुरावे, पोर्टफोलिओ तयार, मॅनेजरची सही. हे सगळं जुळल्यावर आत सोडतात. मग प्रकल्पाचा अहवाल, त्यावर सादरीकरण आणि प्रश्न, आणि पोर्टफोलिओवर आधारलेली व्यावसायिक चर्चा. माझ्या अभ्यासक्रमात ही परीक्षा डिग्रीच्याच आत आहे, म्हणजे ती झाल्याशिवाय डिग्री नाही. चर्चेत मला पाठ केलेलं काही विचारलं नाही. 'हा निर्णय का घेतलात, टीमनं विरोध केला तेव्हा काय केलंत, आज वेगळं काय कराल', असंच सगळं. शुक्रवारच्या त्या अर्ध्या तासाच्या नोंदी इथे कामाला आल्या. दुसऱ्या वर्षीचे प्रसंग तारखेसकट समोर होते. पोर्टफोलिओसाठी ईमेल, कोड रिव्ह्यूच्या टिप्पण्या, आकृत्या पहिल्या वर्षापासून जमवत राहा, ग्राहकांची नावं आणि आकडे झाकून.

निकालानंतर दोन वेगळे कागद येतात. डिग्री विद्यापीठाकडून, अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र वेगळं, माझं कंपनीच्या पत्त्यावर आलं आणि ते एचआरच्या टपालात पडून होतं, विचारल्यावर मिळालं. दीक्षान्त समारंभाचा गाऊन भाड्यानं घ्यावा लागतो, तो खर्च आपला. बाबांनी तो फोटो थोरल्या काकाला पाठवला. काकाचं उत्तर आलं, "मला स्टायपेंड फार कमी मिळायचा हो."

ह्याच रस्त्यानं पुढे मास्टर्स करू असा विचार असेल तर एक बदल लक्षात ठेवा: जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ साठीचा लेव्हीचा निधी नव्यानं सुरू करणाऱ्या २१ वर्षांपर्यंतच्यांनाच आहे, मोजके अपवाद सोडून. लेव्हल ६ ला हा बदल लागू नाही. आणि पुढच्या सप्टेंबरची तयारी असेल तर आदल्या शरदापासूनच शोध सुरू करा. 'फाइंड ॲन अप्रेंटिसशिप'वर खातं उघडून लेव्हल आणि घरापासूनचं अंतर निवडून सूचना चालू ठेवा. शेवटची तारीख पुढच्या महिन्यातली दिसली तरी त्याच आठवड्यात अर्ज पाठवा. पुरेसे अर्ज आले की काही कंपन्या आधीच दार लावून घेतात.